मनाचे भाग : एका कल्पनेचा इतिहास

'एक मन म्हणते जावे, दुसरे मन म्हणते नको.' असे वाक्य आपण सर्वच जण सहज बोलून जातो. आपल्या डोक्यात खरोखर दोन मने आहेत, असे आपल्याला म्हणायचे नसते. तरीही द्विधा अवस्थेचे याहून नेमके वर्णन सापडत नाही. बोलण्याच्या याच रीतीवर आधारलेल्या काही उपचारपद्धती मानसोपचारात रूढ होत आहेत. अलीकडे तर संगणकाच्या पडद्यावरून, दूर बसलेल्या रुग्णांसाठीही त्या वापरून पाहिल्या जात आहेत. मोठा आघात सोसलेल्या माणसाच्या मनाचा एक भाग रोजचे व्यवहार सांभाळतो, दुसरा त्या प्रसंगातच अडकून राहतो, आणि या भागांशी संवाद साधता येतो, असे त्यांचे गृहीतक आहे. हे भाग म्हणजे मेंदूतील काही वस्तू आहेत, की ती केवळ बोलण्याची सोय आहे? हा प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षे जुना आहे. त्याच्या इतिहासात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

तत्त्वज्ञानाचा शिक्षक

या इतिहासाची सुरुवात एका शिक्षकापासून करता येईल. १८८३ साली प्येर जाने हे तरुण गृहस्थ फ्रान्समधील ल हाव्र या बंदराच्या गावी शाळेत तत्त्वज्ञान शिकवायला आले. फावल्या वेळात ते तेथील रुग्णालयात मानसिक विकारांच्या रुग्णांचा अभ्यास करीत. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात त्यांनी 'मारी' या नावाने एका तरुणीची हकिगत दिली आहे. मासिक पाळीच्या वेळी तिला हुडहुडी भरे, झटके येत, ती भ्रमात जाई आणि नंतर तिला त्यातले काहीच आठवत नसे. संमोहनावस्थेत मात्र कारण उलगडले. पहिली पाळी आली तेव्हा लाजेपोटी ती गुपचूप थंडगार पाण्यात जाऊन बसली होती. पाळी थांबली, पण ती थंडीने कुडकुडून आजारी पडली. जागेपणी तिला हा प्रसंग आठवत नव्हता, शरीर मात्र दर महिन्याला तो पुन्हा वठवत होते.

यावरून जाने यांनी असा तर्क केला की, असह्य अनुभव मनाच्या मुख्य प्रवाहापासून तुटून वेगळा पडतो आणि यंत्रासारखा आपोआप चालू राहतो. या तुटण्याला आपण 'विघटन' म्हणू. त्यांनी उपचार कसा केला, हेही ध्यानात ठेवावे. संमोहनात मारीला त्या वयात परत नेऊन, पाळी नेहमीसारखी तीन दिवस चालली, असे त्यांनी तिला पटवले. झटके थांबले. म्हणजे खऱ्या आठवणीच्या जागी एक खोटी आठवण बसवली गेली होती. ही गोष्ट पुढे वेगळ्या रूपाने समोर येणार होती.

खंदकातील सैनिक

पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न हजारो सैनिकांच्या रूपाने उभा राहिला. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकिगत छापली. 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हा शब्द त्यामुळे सर्वतोमुखी झाला. सुरुवातीला वाटले की, स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला सूक्ष्म इजा होत असावी. पण ज्यांच्या जवळपास गोळा पडलाच नव्हता, त्यांच्यातही तीच लक्षणे दिसू लागली. मायर्स यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशा सैनिकाच्या दोन अवस्था वर्णिल्या आहेत. एक वरकरणी ठीक दिसणारी, आघाताची आठवण टाळणारी. दुसरी भावनेने भरलेली, त्याच क्षणात जगणारी. रुग्ण या दोन अवस्थांमध्ये आलटून पालटून जातो.

हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटनने २००६ साली माफी दिली. त्यांतील काही जण आजारी होते, असे आज मानले जाते. माणूस वरकरणी ठीक दिसतो म्हणून तो ढोंग करतो, असा निष्कर्ष किती महागात पडू शकतो, हे यावरून दिसते.

ध्वनिमुद्रिकेचा मोह

१९५० च्या दशकात कॅनडात जन्मलेले अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ एरिक बर्न यांनी प्रत्येक माणसात पालक, प्रौढ आणि बालक अशा तीन अवस्था असतात, असे मांडले. आधारासाठी त्यांनी वाइल्डर पेनफील्ड या शस्त्रवैद्याच्या कामाकडे बोट दाखवले. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत रुग्ण जागा असताना पेनफील्ड मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युतप्रवाहाचा स्पर्श करीत. काही रुग्णांना तेव्हा जुने प्रसंग जसेच्या तसे अनुभवास येत. मेंदूत सारे आयुष्य ध्वनिमुद्रित झालेले असते आणि 'आतले बालक' म्हणजे त्याच फितीवरचा मजकूर, असे अनेकांना वाटू लागले.

परंतु १९६३ साली पेनफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने संपूर्ण आकडेवारी प्रसिद्ध केली. कानशिलामागील भागाला स्पर्श केलेल्या ५२० रुग्णांपैकी केवळ ४० जणांना असे अनुभव आले होते. शिवाय त्यांतले कित्येक अनुभव आठवणीपेक्षा स्वप्नासारखे होते. मोजक्या नाट्यमय उदाहरणांवर सिद्धान्त उभारला की असे होते. बर्न यांची विभागणी व्यवहारात उपयोगी ठरली असेल, पण मेंदूतील ध्वनिमुद्रिका हा तिचा पुरावा नव्हे.

आतले कुटुंब

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोत रिचर्ड श्वार्ट्झ हे कौटुंबिक समुपदेशक बुलिमिया या विकाराच्या रुग्णांवर काम करीत होते. या विकारात माणूस अनावरपणे खातो आणि मग मुद्दाम ओकतो. घरातील नातेसंबंध सुधारूनही काही रुग्णांची लक्षणे जाईनात. तेव्हा त्यांनी रुग्णांनाच विचारले, आत नेमके काय घडते? उत्तरे आली ती भागांच्या भाषेत. एक भाग सतत बोल लावतो, दुसरा त्याने लहान मुलासारखा हिरमुसतो, तिसरा ते दुःख बुजवण्यासाठी खायला लावतो. श्वार्ट्झ यांना यात एक कुटुंबच दिसले. 'इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स' या पद्धतीवरील त्यांचे पुस्तक १९९५ साली आले. आपल्या भाषेत सांगायचे तर या कुटुंबात कारभारी आहेत, आग लागली की धावणारे बंबवाले आहेत आणि दुखऱ्या आठवणींसह वाळीत टाकलेले भाग आहेत. कोणताच भाग शत्रू नाही, प्रत्येक जण आपल्या परीने रक्षणच करीत असतो. म्हणून त्यांना हाकलायचे नाही, तर शांत चित्ताने ऐकून घ्यायचे, हे या पद्धतीचे सूत्र.

याच सुमारास अमेरिकेत एक धडाही मिळत होता. मनाच्या लपलेल्या भागांतून विसरलेले अत्याचार बाहेर काढण्याचा दावा करणारे उपचार फोफावले होते. १९९५ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकारी यांनी २४ जणांना, लहानपणी तुम्ही बाजार-संकुलात हरवला होता, अशी कधीही न घडलेली गोष्ट खरी म्हणून सांगितली. सुमारे पाव जणांना ती पूर्ण किंवा अंशतः 'आठवली'. जाने यांनी मारीच्या बाबतीत जाणूनबुजून जे केले, तेच उपचारकाच्या नकळतही घडू शकते. भागाशी बोलताना मिळालेले उत्तर म्हणजे घडलेल्या घटनेची साक्ष नव्हे.

पुरावा किती?

श्वार्ट्झ यांच्या पद्धतीची २०१३ साली संधिवाताच्या ७९ रुग्णांवर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडले होते. उपचार मिळालेल्या गटात वेदना आणि उदासी कमी झाल्याचे दिसले. २०२१ साली बालपणी आघात सोसलेल्या १७ प्रौढांवरील अभ्यासातही चांगली सुधारणा आढळली, पण तेथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पडद्यावरून गटाने उपचार देण्याचा प्रयोग झाला. तोही लहानच आहे, आणि अशी व्यवस्था राबवता येते का, रुग्णांना ती रुचते का, एवढेच त्यात प्रामुख्याने पाहिले गेले. घराजवळ तज्ज्ञ नसलेल्या रुग्णाची यात मोठी सोय आहे. पण जुना आघात उफाळून आला तर त्या क्षणी खोलीत तो एकटाच असतो, हा धोकाही आहे.

आमच्या मते, 'भाग' ही एक उपमा आहे आणि उपमा म्हणूनच ती उपकारक आहे. जाने यांनी यंत्राची उपमा घेतली, बर्न यांच्या काळी ध्वनिमुद्रिकेची, श्वार्ट्झ यांनी कुटुंबाची. उपमा बदलत गेल्या, पण वरकरणी ठीक आणि आतून अडकलेला माणूस सर्वांनाच दिसला. त्या निरीक्षणाला धरून ठेवावे. उपमेला मात्र पुराव्याच्या कसोटीला लावत राहावे.

वर्गात 'मला अभ्यास करायचा असतो, पण आतून काहीतरी करू देत नाही' असे एखादा विद्यार्थी सांगतो, तेव्हा तो सबबच सांगत असेल असे नाही. ते शांतपणे ऐकून घेणे आपल्याला जमेल. आत काय दडले आहे, हे खोदून काढणे मात्र शिक्षकाचे काम नव्हे. त्यासाठी तज्ज्ञाकडे पाठवावे. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवायला हरकत नाही.