ऊन आणि बॅटरी यांच्यामधला राखणदार

सिलिकॉनचं सौर पॅनेल जन्माला आलं तेच टेलिफोनच्या बॅटरीपायी. उष्ण, दमट मुलखात टेलिफोनच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर नासत. त्यावर उतारा शोधता शोधता अमेरिकेच्या बेल लॅब्जमधल्या डॅरिल चॅपिन यांनी कॅल्व्हिन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांच्या साथीने सिलिकॉनचा सौर घट घडवला. एप्रिल १९५४ मध्ये तो जगापुढे आला. पुढच्याच वर्षी जॉर्जियातल्या अमेरिकस गावी टेलिफोनच्या खांबावर पॅनेल चढलं. दिवसा उरलेली वीज बॅटरीत साठायची आणि रात्री फोन चालवायची.

पण अंधार पडला की पॅनेल बॅटरीतलीच वीज पिऊ लागतं. म्हणून मध्ये डायोड आला, विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा राखणदार. साधा सिलिकॉन डायोड मात्र साधारण ०.७ व्होल्ट स्वतःच खातो. छोट्या पॅनेलला ही दलाली परवडेना, तेव्हा घरी सर्किट जोडणारे शॉटकी डायोडकडे वळले. तो निम्म्यात भागवतो.

१९७० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ एलियट बर्मन यांनी पॅनेलची किंमत वॅटमागे सुमारे १०० डॉलरवरून २० डॉलरवर आणली. पॅनेल हळूहळू हौशी हातांत येऊ लागलं आणि दुसरी अडचण उभी राहिली: भर दुपारची. ‘१२ व्होल्टच्या’ पॅनेलमध्ये सहसा ३६ घट असतात आणि ते कडक उन्हात २० व्होल्टच्या वर जातं. शिसे-आम्ल बॅटरी १४.४ व्होल्टच्या आसपास भरते. त्यापुढे तिच्यातलं पाणी वायू होऊन उडू लागतं.

यावरचा घरगुती तोडगा धाडसी होता: बॅटरी भरली की ट्रान्झिस्टरने पॅनेलची दोन टोकं सरळ एकमेकांना जोडायची. जनित्र अशाने जळेल. पॅनेलला काही होत नाही. हाच शंट रेग्युलेटर.

लिथियम-आयन बॅटरीचा घट याहून नाजूक. त्याचं भरणं ४.२ व्होल्टला थांबवावंच लागतं. हे काम आता टीपी४०५६ ही नखाएवढी चिप करते. तयार बोर्डावरच्या १.२ किलोओहमच्या रोधामुळे ती एक अँपिअर मागते. एक-दोन वॅटचं पॅनेल तेवढ्याने गळपटतं. मग तिथे १० किलोओहमचा रोध डकवला की मागणी १३० मिलिअँपिअरवर येते. घटाचं तापमान तपासायला चिपला वेगळा पाय आहे, पण स्वस्त बोर्डांवर तो ग्राउंडला जोडून निकामी केलेला असतो. बोर्ड उन्हात ठेवायचा असेल, तर जाणते लोक तो पाय सोडवून तिथे थर्मिस्टर लावतात.