अलेक्झांडरचा तारा
अमेरिकी गणितज्ञ अ‍ॅडम अलेक्झांडर यांनी १९८२ मध्ये रचलेले फिरते यांत्रिक कोडे. रुबिक क्यूबचाच हा भाऊबंद, आकार मात्र बारा टोकांच्या ताऱ्याचा. टोक धरून फिरवले की त्याभोवतीचे पाच तुकडे सरकतात. तुकडे ३०, रंग सहा. समोरासमोरच्या दोन पृष्ठांचा रंग एकच असल्याने प्रत्येक तुकड्याला हुबेहूब जुळा असतो, आणि खरी मेख तेथेच आहे. सारे जुळत आले असता अखेरीस दोनच तुकडे उलट जागी अडून बसतात. केवळ दोन तुकड्यांची अदलाबदल या रचनेत अशक्य असते. दोष तेथे नसून अन्यत्र जुळ्यांची जागा नकळत बदललेली असते. कोणत्याही एका जुळ्या जोडीची अदलाबदल त्याच ओघात केली, की तारा सुटतो.