पॅलिओ डाएट, कसून व्यायाम आणि एका अपवादाचा इतिहास

माझा पीएचडीचा विषय आहारशास्त्राचा इतिहास आहे असं कळलं, की एक प्रश्न हमखास येतो: "पॅलिओ डाएट आणि जोरदार व्यायाम एकत्र जमतं का हो?" मी काही डाएटिशियन नाही, त्यामुळे विचारणाऱ्याला जेवणाचा तक्ता माझ्याकडून मिळत नाही. पण तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांच्यासाठी हा प्रश्न फार कामाचा आहे. कारण तो दिसायला एक असला तरी आत तीन प्रश्न आहेत. पुराश्मयुगातली माणसं काय खायची? हा पुरातत्त्वाचा प्रश्न. दमछाक होईपर्यंत व्यायाम करताना स्नायू कोणतं इंधन जाळतात? हा शरीरक्रियाशास्त्राचा. आणि मी काय खावं? हा सल्ल्याचा. तिन्हींचे पुरावे वेगळे, ते गोळा करायच्या पद्धती वेगळ्या. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवलं की गोंधळ सुरू होतो.

आधी पॅलिओ म्हणजे काय ते थोडक्यात. शेती सुरू झाली साधारण दहा हजार वर्षांपूर्वी. त्याआधी माणूस जे खात असावा तेवढंच खायचं, हा या आहाराचा नियम. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा चालतो. धान्य, कडधान्य, दूधदुभतं, साखर बंद. म्हणजे आपल्या ताटातली भाकरी, वरण, भात आणि ताक एका फटक्यात उठतात.

गंमत अशी की, याच आहाराच्या पुरस्कर्त्यांनी खेळाडूंसाठी पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांना स्वतःच्याच नियमाला एक मोठा अपवाद करावा लागला. तो अपवाद कुठून आला हे समजायला आपल्याला दीडशे वर्षं मागे जावं लागेल.

डोंगरावरचा हिशेब

1842 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिगने प्राण्यांच्या रसायनशास्त्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्नायू काम करतात तेव्हा ते स्वतःच झिजतात, आणि ती झीज म्हणजेच कामाची ऊर्जा, असं त्याचं म्हणणं. स्नायू प्रथिनांचे, म्हणून बळही प्रथिनांतूनच. ऐकायला किती सरळ वाटतं! लीबिगचा दरारा एवढा होता की ही कल्पना बरीच वर्षं तपासली न जाता चालली.

तपासली ती झुरिकच्या दोन प्राध्यापकांनी. अडॉल्फ फिक हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि योहानेस विस्लिसेनुस हा रसायनशास्त्रज्ञ. ऑगस्ट 1865 मध्ये दोघे स्वित्झर्लंडमधल्या फाउलहॉर्न डोंगरावर चढून गेले. खालच्या तळ्यापासून शिखरापर्यंत चढ 1956 मीटरचा. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनं जवळजवळ बंद केली होती. खाणं म्हणजे स्टार्चच्या पिठाच्या, चरबीत तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा. चढताना आणि चढल्यानंतर त्यांनी स्वतःची लघवी साठवली आणि तिच्यातला नायट्रोजन मोजला. प्रथिनं जळली की नायट्रोजन लघवीतून बाहेर पडतो, त्यामुळे शरीरात किती प्रथिनं खर्ची पडली ते त्यावरून कळतं. दुसऱ्या बाजूला वजन गुणिले उंची, म्हणजे किमान किती काम झालं ते.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर हिशेब जुळेना. जळालेल्या प्रथिनांतली सगळीच्या सगळी ऊर्जा चढण्यातच गेली असं धरलं, तरी ती अपुरी पडत होती. 1866 मध्ये एडवर्ड फ्रँकलंडने अन्नपदार्थांची उष्णता उपकरणात जाळून मोजली आणि हा निष्कर्ष पक्का केला.

इथे जरा थांबा आणि त्यांची पद्धत बघा. मोजमापात जिथे जिथे शंकेला जागा होती तिथे त्यांनी फायदा विरोधी बाजूला दिला. हृदयाचं काम, श्वासाचं काम, वाया जाणारी उष्णता, हे सगळं वगळून नुसती चढाई धरा. तरीही लीबिगचं म्हणणं टिकलं नाही. माणसं दोन, प्रयोग एक, पण मांडणी अशी की पळवाट उरली नाही. तुमच्या प्रस्तावात "नमुना लहान आहे" असा शेरा आला, तर हा प्रयोग आठवा. नमुना किती हवा हे तुम्ही काय खोडून काढायला निघालात त्यावर ठरतं.

सुईच्या टोकावरचं उत्तर

मग इंधन कोणतं? 1924 च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं. जे पार गळून गेले होते त्यांच्यातल्या अनेकांची रक्तशर्करा बरीच खाली आलेली होती. पुढच्या वर्षी धावपटूंना आधी पिष्टमय आहार आणि धावताना गोळ्या-मिठाई देऊन बघितलं, तर घसरण टळली आणि त्यांची अवस्थाही बरी राहिली. 1939 मध्ये कोपनहेगनमध्ये क्रिस्टनसन आणि हॅन्सन यांनी आहार बदलून सायकल चालवायला लावली. भरपूर कर्बोदकं खाल्ल्यावर माणसं चरबीच्या आहारापेक्षा दुपटीहून जास्त वेळ टिकली.

पण स्नायूच्या आत काय चाललंय ते अजून कुणी पाहिलं नव्हतं. ते दाखवलं स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रम आणि एरिक हुल्टमन यांनी. बर्गस्ट्रमने स्नायूचा बारीकसा तुकडा काढता येईल अशी सुई वापरात आणली होती. 1966 च्या त्यांच्या प्रयोगात एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं, आणि प्रत्येकाचा एकच पाय पेडलवर. एक पाय थकेपर्यंत चालवलेला, दुसरा विश्रांतीत. मग तीन दिवस कर्बोदकांचा आहार. थकलेल्या पायात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, विश्रांतीतल्या पायाच्या सुमारे दुप्पट साठली. शरीर एकच, जेवण एकच. फरक फक्त पायाच्या कामाचा!

पुढच्याच वर्षी सहकाऱ्यांसोबत त्यांनी हे कामगिरीशी जोडून दाखवलं. कमाल ऑक्सिजन वापराच्या साधारण 75 टक्के तीव्रतेला सायकल चालवायची. प्रथिनं आणि चरबीच्या आहारावर माणसं सरासरी 57 मिनिटं टिकली, मिश्र आहारावर 114, आणि कर्बोदकांच्या आहारावर 167. तीव्र आणि लांबलेल्या व्यायामाबद्दल आजही जे शिकवलं जातं त्याचा पाया इथे आहे.

लक्षात घ्या, या सगळ्यात अश्मयुगाचा उल्लेखही नाही. तो प्रवाह वेगळ्याच डोंगरातून निघाला.

अश्मयुग दवाखान्यात येतं

1975 मध्ये वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकन पोटविकारतज्ज्ञाने अश्मयुगीन आहारावर पुस्तक काढलं. माणूस मुळात मांसाहारी, असा त्याचा दावा. त्याला फारसं कुणी विचारलं नाही. विषयाला वजन आलं ते 31 जानेवारी 1985 ला. त्या दिवशी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांचा लेख आला. ईटन क्ष-किरणतज्ज्ञ, कॉनर मानवशास्त्रज्ञ. त्यांची काळजी मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब यांची होती. आपलं शरीर घडलं एका आहारावर आणि जगतंय दुसऱ्यावर, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांच्या अंदाजी आहारात कर्बोदकांचा वाटा 45 टक्के होता. आज पॅलिओच्या नावाखाली जे सांगितलं जातं त्याच्या मानाने हा आकडा चांगलाच मोठा आहे.

मग आकडा खाली कसा आला? 2000 साली लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी 229 शिकारी-संकलक समाजांची माहिती वापरून हिशेब मांडला. त्यांच्या मते 73 टक्के समाजांचा निम्म्याहून अधिक निर्वाह प्राणिजन्य अन्नावर होता. कर्बोदकांचा वाटा आला ऊर्जेच्या 22 ते 40 टक्के.

इथे संशोधकाने विचारायचा प्रश्न म्हणजे: माहिती आली कुठून? ती होती जॉर्ज मर्डॉकच्या एथ्नोग्राफिक अ‍ॅटलासमधून. वेगवेगळ्या प्रवाशांनी आणि मानवशास्त्रज्ञांनी लिहिलेली वर्णनं वाचून तिथे प्रत्येक समाजाला अंदाजाने सांकेतिक आकडे दिलेले आहेत. ताटातलं अन्न कुणी तराजूवर तोललेलं नाही. शिवाय हे समाज अलीकडच्या काळातले, आणि त्यांत उत्तर अमेरिकेतल्या थंड प्रदेशांतले बरेच. जिथे वनस्पती कमी तिथे मांस जास्त, हे ओघानेच आलं. त्याच अंकात कॅथरीन मिल्टन यांनी या मर्यादांवर बोट ठेवलं होतं. पण पुस्तकांतून पुढे गेला तो आकडा. मर्यादा मागेच राहिल्या.

2005: दोन प्रवाह भेटतात

कॉर्डेनचं पॅलिओ डाएटवरचं लोकप्रिय पुस्तक 2002 मध्ये आलं. ग्रेग ग्लासमनने अमेरिकेत क्रॉसफिट सुरू केलं ते 2000 मध्ये. वजनं, उड्या, धावणं, सगळं थोड्या वेळात आणि जीव खाऊन. तिथल्या मंडळींना हा आहार भावला. बायोकेमिस्ट्रीची पार्श्वभूमी असलेला रॉब वुल्फ त्याचा मोठा प्रचारक झाला आणि 2010 च्या त्याच्या पुस्तकाने पॅलिओ जिमच्या फळ्यावर पोचलं.

पण त्याआधीच, 2005 मध्ये, कॉर्डेन आणि सहनशक्तीच्या खेळांचा प्रशिक्षक जो फ्रील यांनी खेळाडूंसाठी वेगळं पुस्तक लिहिलं होतं. त्यात दिवसाचे पाच टप्पे आहेत. व्यायामाआधी कर्बोदकं. व्यायाम लांबला तर चालू असताना स्पोर्ट्स ड्रिंक. संपल्यावर अर्ध्या तासात कर्बोदकं आणि प्रथिनं. नंतर जेवढा वेळ व्यायाम केला साधारण तेवढ्या वेळात बटाटे, रताळी यांसारखं पिष्टमय अन्न. या चार टप्प्यांनंतर पाचव्यात नेहमीचा पॅलिओ सुरू.

स्पोर्ट्स ड्रिंक अश्मयुगात नव्हतं हे लेखकांना ठाऊक होतंच. मग अपवाद का? कारण स्टॉकहोमची सुई. रोज तास-दोन तास घाम गाळणाऱ्याचं ग्लायकोजेन भरून निघायला हवं, ही गोष्ट कोणत्याही उत्क्रांतीच्या युक्तिवादाने बदलत नाही. थोडक्यात, "पूर्वज काय खायचे" आणि "स्नायूंना काय लागतं" यांत पेच पडला तेव्हा पॅलिओच्या पुरस्कर्त्यांनी कौल दुसऱ्या प्रश्नाला दिला. हे त्यांनी प्रामाणिकपणे छापलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. अडचण एवढीच की पहिल्या पुस्तकाचे नियम तोंडोतोंडी पसरतात आणि दुसऱ्यातला अपवाद पोचत नाही. मग रोज कसून व्यायाम करणारा मुलगा भाकरी सोडतो, तिच्या जागी रताळंही घेत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात पाय का उचलत नाहीत म्हणून स्वतःलाच दोष देतो.

जे टिकतं तेच दिसतं

राहिला पहिला प्रश्न. पूर्वज खरंच कमी पिष्ट खायचे का? हाडं हजारो वर्षं टिकतात, कंद कुजतात. त्यामुळे उत्खननात शिकार ठळक दिसते आणि कंदमुळं गायब होतात. हाडांतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून निअँडरथल माणूस पक्का मांसाहारी ठरला, पण ही पद्धत मुख्यतः प्रथिनं कुठून आली ते सांगते. ज्या कंदात प्रथिनं नगण्य, तो तिला जवळपास दिसतच नाही.

साधन बदललं तसं चित्र बदललं. 2011 मध्ये इराकमधल्या शनिदार आणि बेल्जियममधल्या स्पी इथल्या निअँडरथल दातांच्या किटणात स्टार्चचे कण सापडले, काही शिजलेले. गॅलिली सरोवराकाठच्या ओहालो इथे सुमारे 23,000 वर्षांपूर्वीच्या दगडावर रानटी जव म्हणजे बार्लीचं पीठ दळल्याच्या खुणा मिळाल्या. शेतीच्या कितीतरी आधी धान्य दळलं जात होतं! टांझानियातले हाड्झा आजही शिकार करतात, आणि कंद व मधही आवडीने खातात. म्हणजे "पुराश्मयुगीन आहार" असा एक नव्हताच. प्रदेश आणि ऋतू बदलले की ताट बदलत होतं.

तुमच्या प्रस्तावासाठी

आता मूळ प्रश्नाकडे. जमतं का? कसला व्यायाम, त्यावर आहे. 1983 मध्ये स्टीफन फिनी यांच्या प्रयोगात पाच सायकलपटू चार आठवडे अत्यल्प कर्बोदकांवर राहिले आणि मध्यम तीव्रतेला त्यांची सहनशक्ती सरासरीने टिकली. 2017 मध्ये लुईस बर्क यांच्या चमूने अव्वल चालपटूंवर तसा आहार तपासला. त्यांची चरबी जाळायची क्षमता वाढली, पण शर्यतीच्या वेगाला ऑक्सिजन जास्त लागू लागला आणि कामगिरी सुधारली नाही. हे दोन्ही आहार नेहमीच्या पॅलिओपेक्षा बरेच कडक होते, हेही नोंदवून ठेवा. स्वीडनमधल्या 2017 च्या आणखी एका चाचणीत टाइप 2 मधुमेहाच्या 32 रुग्णांना बारा आठवडे पॅलिओ आहार दिला, त्यांतल्या काहींना व्यायामासह. चरबी दोन्ही गटांत घटली, साखर सुधारली. दमखम वाढला तो व्यायाम करणाऱ्यांचा. रुग्णांसाठी ही चांगली बातमी आहे, पण स्पर्धेची तयारी करणाऱ्याचं उत्तर त्यात नाही.

तुमचा विषय आहाराचा नसेलही. तरी एक सराव करून बघा. तुमच्या प्रस्तावातलं मध्यवर्ती विधान कागदावर लिहा आणि त्याखाली तीन रकाने आखा: हे कुणी मोजलं, कशाने मोजलं, आणि ते साधन कशाला आंधळं आहे. तिसरा रकाना भरताना सगळ्यात जास्त वेळ जाईल, तो जाऊ द्या. गाईडकडे जाण्याआधी तो भरलेला असेल, तर चर्चा तिथूनच सुरू होईल.