सोळा वर्षांचे अंतर

एखाद्या पदार्थावर विषाचा शिक्का बसला की तो पुसला जायला काळ लागतो. सेलेनियमचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

१८१७ साली स्वीडनमधील ग्रिप्सहोमच्या गंधकाम्लाच्या कारखान्यात साचलेल्या तांबूस गाळात बर्झेलियस यांना हे मूलद्रव्य सापडले. ग्रीकांची चंद्रदेवता सेलेने हिच्यावरून त्यांनी त्याचे नाव ठेवले. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेतील साउथ डकोटात गुरांचे खूर गळण्याचे आणि केस झडण्याचे कारण शोधले गेले, तेव्हा चाऱ्यातील सेलेनियमच दोषी ठरले.

१९५७ साली मात्र क्लाउस श्वार्त्स यांनी उलटी गोष्ट दाखवली. आहारात सेलेनियमचा अगदी अल्प अंश असला तर उंदरांचे यकृत नासण्यापासून वाचते. त्याच वर्षी टेक्सासमधील गॉर्डन मिल्स यांनी तांबड्या रक्तपेशींतील एका विकराचे वर्णन केले. पेशीत प्राणवायू वापरला जाताना हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होते. ते साचले तर हिमोग्लोबिन, मेद आणि जनुके यांना इजा पोचते. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर त्याचे पाणी करते.

एकाच दोरीची दोन टोके त्या वर्षी दोघांच्या हाती आली होती. ती जुळायला सोळा वर्षे लागली. १९७३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील रॉट्रक, होकस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी या विकरातच सेलेनियम असल्याचे दाखवले. त्याचा अणू पेरॉक्साइडमधील ऑक्सिजन स्वतःकडे घेतो आणि ग्लुटाथायोनच्या मदतीने पूर्ववत होऊन पुढच्या फेरीला सज्ज होतो.

हा शोध प्रयोगशाळेपुरता नव्हता. चीनच्या ईशान्येकडील केशान भागात १९३५ साली नोंदला गेलेला हृदयस्नायूंचा एक रोग लहान मुलांचे आणि तरुण स्त्रियांचे बळी घेत असे. हा रोग जिथे आढळे त्या पट्ट्यातील जमिनीत सेलेनियम फार कमी. त्याच पट्ट्यातील सिचुआन प्रांतात १९७४ साली सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या दिलेल्या ४,५१० मुलांपैकी १० जणांना हा रोग झाला. गोळ्या न दिलेल्या ३,९८५ मुलांपैकी ५४ जणांना.

१९८६ साली आणखी एक नवल उघड झाले. जनुकलिपीत 'थांबा' असे सांगणारी यूजीए ही खूण काही ठिकाणी सेलेनोसिस्टीन हे सेलेनियमयुक्त अमिनो आम्ल जोडण्याची आज्ञा देते. माणसात अशी प्रथिने घडवणारी २५ जनुके आहेत.

तरी विषाचा जुना निकाल खोटा ठरलेला नाही. पंजाबातील होशियारपूर-नवांशहर भागात आजही काही शेतांत सेलेनियमचा अतिरेक आहे. सिचुआनच्या मुलांना तारणारी गोळी तिथे घातकच ठरेल. पेशीही पेरॉक्साइडला पुरते हद्दपार करीत नाही. थोडे राखते, कारण आतले काही निरोप त्याच्याच हाती जातात. म्हणून औषधाच्या दुकानातील सेलेनियमची बाटली उचलण्यापूर्वी आपल्या मातीत आणि ताटात ते किती आहे, हे विचारून घ्यावे.