गावातली जुनी शाळा पाडून नवी कशी बांधली जाते? 'निर्लेखन' म्हणजे काय?

गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतींना तडे गेले, छत गळू लागलं, तरी ती इमारत लगेच पाडता येत नाही. ती सार्वजनिक मालमत्ता असते. त्यामुळे आधी तिचं 'निर्लेखन' करावं लागतं. म्हणजेच इमारत वापरण्याजोगी राहिलेली नाही, असं अधिकृतपणे ठरवून ती मालमत्तेच्या नोंदीतून कमी करायची.

या इमारती आल्या कुठून?

सुरुवातीला अनेक गावांत शाळा देवळात, चावडीत किंवा कुणाच्या वाड्यात भरत असे. पुढे कुठे सरकारी पैशातून, तर कुठे गावकऱ्यांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून खोल्या उभ्या राहिल्या. दगडमातीच्या भिंती, लाकडी वासे आणि वर कौलं, असं त्यांचं रूप होतं. मराठवाड्यात काही शाळा निजामकालीन आहेत. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या.

धोका कशामुळे वाढतो?

मातीच्या भिंतीत पावसाचं पाणी मुरतं, वाशांना वाळवी लागते. स्लॅबच्या इमारतीत ओल शिरून सळया गंजतात, फुगतात आणि काँक्रीटचे तुकडे सुटू लागतात. ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडी इथे शाळेचं छत कोसळून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला होता.

निर्लेखन कसं होतं?

१. शाळा व्यवस्थापन समिती ठराव करते. मुख्याध्यापक प्रस्ताव पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे पाठवतात.
२. बांधकाम विभागाचे अभियंते पाहणी करून अहवाल देतात.
३. जिल्हा परिषद मंजुरी देते.
४. इमारत पाडली जाते. दगड, लाकूड, पत्रे अशा साहित्याचा लिलाव होतो.

नव्या शाळेत काय हवं?

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार इमारत सर्व ऋतूंत टिकणारी हवी. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुख्याध्यापकांसाठी खोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण आणि अपंग मुलांनाही सहज आत येता येईल अशी सोय हवी.

खरी अडचण कुठे आहे?

पाडण्याची परवानगी मिळाली म्हणजे बांधण्याचा निधी मिळाला, असं नसतं. या दोन वेगळ्या मंजुऱ्या आहेत. नव्या खोल्यांचा पैसा समग्र शिक्षा, जिल्हा नियोजन समिती किंवा कंपन्यांचा सामाजिक निधी अशा मार्गांनी येतो. तो लांबला तर वर्ग समाजमंदिरात किंवा झाडाखाली भरतात.

म्हणूनच निर्लेखनाच्या प्रस्तावासोबतच नव्या खोल्यांची मागणी आणि तोवर वर्ग कुठे भरवायचे, हेही ठरवून घ्यायला हवं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यामुळे हा विषय बैठकीत मांडून ठरावात लिहून घेणं पालकांच्या हातात आहे.