ऊस, ऊन आणि उतारा

प्रवरानगरच्या साखर कारखान्याचा इतिहास सांगताना आपण माणसांची नावे घेतो. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील, पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि १९५०-५१चा पहिला गळीत हंगाम. ते योग्यच आहे. पण नगर जिल्ह्याच्या साखरेत पहिल्या दिवसापासून आणखी एक भागीदार आहे, त्याची दखल स्मरणिका सहसा घेत नाहीत. तो म्हणजे तापमान.

योगायोग असा, की त्या हंगामाच्या शंभर वर्षे आधी, १८५० मध्ये, लुडविग विल्हेल्मी या जर्मन संशोधकाने रासायनिक क्रियेचा वेग गणितात मांडला, तो उसाच्याच साखरेवर. साखरेचे पाणी ध्रुवीकृत प्रकाशाची पातळी उजवीकडे वळवते. आम्लाने साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज झाले, की ती डावीकडे जाऊ लागते. हे वळण मोजून त्याने दाखवले, की साखर जितकी उरली असेल त्या प्रमाणात फुटण्याचा वेग असतो. १८८९ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने याच क्रियेवरून तापमानाचा नियम बांधला. पुरेशी ऊर्जा असलेले थोडेच रेणू फुटतात. पण तापमान जरा चढले, तरी अशा रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. आम्लातली ही क्रिया २५ अंशांपेक्षा ३५ अंशांवर सुमारे चौपट वेगाने होते.

आमच्या गुळव्यांना हे सूत्रावाचून ठाऊक होते. उसाचा रस मुळात किंचित आंबट. तसाच काहिलीत तापवला, तर साखर फुटते आणि गूळ मऊ पडून पाझरतो. म्हणून रसात चुन्याची निवळी. कारखान्यानेही चुना घेतला, शिवाय निर्वात पात्र आणले. दाब कमी केला, की पाक ६०-७० अंशांवरच उकळतो आणि साखर वाचते.

फडात मात्र यातले काहीच नसते. ऊस तुटला, की त्यातलीच विकरे आणि कापावर बसलेले जंतू साखर फोडू लागतात, आणि उन्हात त्यांचाही जोर वाढतो. त्यामुळे डिसेंबरात कारखान्यासमोर दिवसभर उभी राहिलेली गाडी आणि एप्रिलच्या चाळीस अंशांत उभी राहिलेली गाडी यांचे नुकसान सारखे नसते.

वाळून घटलेले वजन ज्याच्या त्याच्या पावतीवर पडते, उताऱ्याची घट मात्र सगळ्यांच्या. २०२४-२५ मध्ये रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता. त्याखाली साडेनऊ टक्क्यांपर्यंत दर ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये कमी. उतारा धरतात तो अख्ख्या कारखान्याचा. एकाचा ऊस रांगेत वाळला, तर त्याची किंमत वेळेवर पोचलेल्यालाही थोडी मोजावी लागते.

कोणाच्या फडाला डिसेंबरात तोड मिळाली आणि कोणाचा ऊस एप्रिलपर्यंत राहिला, हा प्रश्न वशिल्याचा म्हणून आपण ओळखतो. तो रसायनाचाही आहे. म्हणून जुन्या हंगामांच्या नोंदी वाचताना मी आता टनांचे आकडे नंतर बघतो, तोडीची तारीख आधी शोधतो.