किंग्ज गॅम्बिट

किंग्ज गॅम्बिट ही बुद्धिबळाच्या डावाची एक जुनी व धाडसी सुरुवात आहे. १.ई४ ई५ २.एफ४ या चालींनी ती होते. दुसऱ्याच चालीला पांढरा खेळाडू राजाच्या उंटापुढील प्यादे देऊ करतो आणि त्याबरोबर स्वतःच्या राजाभोवतीचे कुंपणही मोकळे करतो. इतर अनेक गॅम्बिटांत फक्त प्याद्याचे नुकसान असते. येथे राजाची सुरक्षितताही पणाला लागते. सुरुवातींच्या प्रचलित वर्गीकरणात तिला सी३० ते सी३९ हे क्रमांक आहेत.

'गॅम्बिट' हा शब्द पाय अडकवून पाडणे या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला. स्पॅनिश धर्मगुरू रुय लोपेझ यांनी १५६१ च्या आपल्या ग्रंथात तो बुद्धिबळासाठी वापरला.

त्यागामागील विचार

काळ्याने प्यादे मारले (२...ई×एफ४), तर त्याचे ई५ वरील प्यादे पटाच्या मध्यातून बाजूला जाते. मग पांढऱ्याला डी४ खेळून मध्यावर दोन प्यादी उभी करता येतात. किल्लेकोट झाल्यावर एफ पट्टीतील हत्तीचा रोख एफ७ या घराकडे वळतो. आरंभी त्या घराचे रक्षण केवळ काळा राजा करत असतो.

मात्र ई१ ते एच४ हा कर्णही उघडा पडतो आणि काळ्या वजिराला एच४ वरून शह देता येतो. प्यादे न मारता काळा २...उंट सी५ खेळला, तर ३.एफ×ई५ ही घोडचूक ठरते. ३...वजीर एच४ या शहानंतर राजा ई२ वर गेल्यास वजीर ई४ वरील प्यादे मारून लगेच मात करतो. जी३ खेळल्यास तीच चाल शह देत एच१ वरील हत्ती टिपते.

प्रमुख शाखा

३.घोडा एफ३ ही सर्वाधिक खेळली जाणारी चाल वजिराचा शह रोखते. काळा ३...जी५ खेळून मिळालेले प्यादे राखू पाहतो. त्यावर ४.एच४ जी४ ५.घोडा ई५ हा कीझेरित्स्की गॅम्बिट होय. म्युझिओ गॅम्बिटमध्ये (४.उंट सी४ जी४ ५.किल्लेकोट) पांढरा चक्क घोडाही सोडून देतो. ३.उंट सी४ या शाखेत शह बसून किल्लेकोटाचा हक्क जातो, पण पुढे आलेल्या काळ्या वजिरावर चाल करून पांढऱ्याला वेळ मिळवता येतो. प्यादे न घेता २...डी५ असा प्रतित्याग करणे हा फाल्कबीअर प्रतिगॅम्बिट.

अमर डाव

२१ जून १८५१ रोजी लंडन येथे अडोल्फ अँडरसन आणि लिओनेल कीझेरित्स्की यांच्यात झालेला अनौपचारिक डाव 'अमर डाव' म्हणून ओळखला जातो. ३.उंट सी४ या शाखेने सुरू झालेल्या या डावात अँडरसन यांनी एक उंट, दोन्ही हत्ती आणि अखेर वजीरही दिला आणि तेविसाव्या चालीला उंट व दोन घोड्यांच्या साहाय्याने मात केली. ज्यांच्या नावाची शाखा या सुरुवातीत आहे, तेच कीझेरित्स्की या प्रसिद्ध डावात हरले. काळ्याचा बचाव आजच्या मापाने सदोष आहे. तरीही त्यागाच्या खेळाचा नमुना म्हणून डावाचे मोल कमी होत नाही.

फिशर आणि खंडनाचा वाद

१९६० मध्ये अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे बोरिस स्पास्की यांनी कीझेरित्स्की गॅम्बिट खेळून बॉबी फिशर यांना हरवले. हा पराभव फिशर यांच्या जिव्हारी लागला. १९६१ मध्ये 'अमेरिकन चेस क्वार्टर्ली'मधील लेखात त्यांनी ही सुरुवात पांढऱ्याच्या पराभवाकडेच नेते, असा दावा केला आणि ३...डी६ हा उपाय सुचवला. या चालीमुळे पुढे जी५ व जी४ खेळल्यावर पांढऱ्या घोड्याला ई५ वर निर्धोकपणे जाता येत नाही. बचाव भक्कम आहे; संपूर्ण खंडनाचा दावा मात्र अतिरेकी म्हणावा लागेल. पुढे स्वतः फिशरही पांढऱ्या बाजूने हा गॅम्बिट खेळले, पण ३.उंट सी४ या शाखेतून, जिला त्यांचा उपाय लागू पडत नाही.

१९६० मध्येच लेनिनग्राड येथे स्पास्की यांनी डेव्हिड ब्रॉनस्टीन यांच्याविरुद्ध याच सुरुवातीने जिंकलेल्या डावातील स्थिती किंचित बदलून १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' या जेम्स बाँडपटात दाखवली आहे.

सद्यस्थिती

अव्वल खेळाडूंच्या दीर्घ वेळेच्या डावांत ही सुरुवात आता क्वचितच दिसते. ३...डी५ खेळून काळा प्यादे परत करतो व सोंगट्या झटपट बाहेर काढतो, त्यामुळे हल्ल्याची धार बोथट होते. जलद डावांत मात्र अचूक बचाव शोधायला वेळ अपुरा पडतो, म्हणून तेथे तिचा वापर टिकून आहे.